डेपेश मोडची बैठक कशी लावायची

डेपेश मोड हा इंग्लंडचा बँड, आणि बैठक म्हणजे त्याची गाणी ऐकून कुठलं चांगलं, कुठलं वाईट यावर भांडायचं. सुरुवात सगळ्यात वाईट गाण्यापासून करायची. चांगल्यापासून केली की चहा उकळायच्या आत बैठक संपते, कारण चांगलं गाणं सगळ्यांचं एकच निघतं, 'एन्जॉय द सायलेन्स', आणि सगळे माना डोलावून मोकळे होतात. माणूस कुठली तरी यादी वाचून येतो आणि तीच आपली म्हणून सांगतो. वाईट गाणं असं उसनं आणता येत नाही. ज्या बँडवर आपण जीव टाकतो त्याच्याच एखाद्या गाण्याला चारचौघांत 'हे भिकार आहे' म्हटलं की लगेच कोणीतरी विचारतं, "काहून बे, या गाण्यानं तुयं काय घोडं मारलं?" मग सांगावं लागतं. आणि सांगायला लागलं की कळतं, कोणाचे कान उघडे आहेत आणि कोण नुसता टी-शर्ट घालून आला आहे.

माझा धंदा साउंड आणि बिछायतीचा. दारव्हा तालुक्यात लग्न, तेरवी, भागवत सप्ताह, शाळेचं गॅदरिंग, जे असेल ते. मंडपात जे वाजतं ते पोटासाठी, वावरात जे वाजतं ते माझं. डेपेश मोड घरात आणला दादानं. तो अमरावतीला इंजिनिअरिंगला होता, होस्टेलवरून एक भरलेली कॅसेट घेऊन आला. एका बाजूला त्यांचा 'व्हायोलेटर' अल्बम पूर्ण, दुसऱ्या बाजूला इकडची तिकडची गाणी, नावं पेन्सिलीनं लिहिलेली आणि त्यातली निम्मी चुकीची. ती कॅसेट गावात फिरली. आजही आमच्या भागात हा बँड ऐकणारी माणसं एका बंडीत मावतील, पण भांडायला तेवढी पुरेत.

कोणाला बोलवायचं

सहा ते आठ माणसं ठीक. त्याहून जास्त झाली की दोन टोळ्या पडतात आणि मागची टोळी कापसाच्या भावावर घसरते. सगळे पक्के चाहतेच असू नयेत. एक असा हवा ज्यानं बँडचं नावही ऐकलेलं नाही, आणि एक असा ज्याला मशीनचं संगीत म्हणजे संगीतच वाटत नाही. आमच्याकडे ही दुसरी जागा पेटीमास्तरांची आहे. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात ते पेटी वाजवतात, वय झालं आहे, आणि खंजिरीची थाप सोडून बाकी सगळ्या तालाला ते 'टकटक' म्हणतात. असा माणूस समोर बसला की चाहत्यांना शेंड्या लावता येत नाहीत. बाकी आमचा कृषी केंद्रवाला, हायस्कूलचे गणिताचे मास्तर, दादा सुट्टीवर असला तर तो, आणि पुतणी. पुतणीला मुद्दाम बोलवायचं. तिच्यासाठी बँड सुरूच २००५ पासून होतो, आणि आमचं सगळं जिथे संपतं तिथे ती आस्तीन वर करते.

नवख्या माणसाला बैठकीआधी एवढंच सांगा. इंग्लंडात एसेक्समध्ये बॅसिल्डन नावाचं गाव, तिथल्या चार पोट्ट्यांनी १९८० मध्ये हा बँड काढला: व्हिन्स क्लार्क, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि गाणारा डेव्ह गहान. पहिला अल्बम जवळजवळ सगळा क्लार्कनं लिहिला आणि १९८१ सरता सरता तो निघूनही गेला. तेव्हापासून लिहायचं काम गोरवर आलं. १९८२ मध्ये अॅलन वाइल्डर आला, ध्वनी रचण्याचं काम बरंचसं त्याच्या अंगावर पडलं, १९९५ मध्ये तोही गेला. पुढे तिघं. २६ मे २०२२ ला फ्लेचर वारला, आता गोर आणि गहान दोघंच. बस. अर्ध्याहून जास्त भांडणं 'वाइल्डर होता तेव्हाचं' आणि 'वाइल्डर गेल्यावरचं' याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, होतात, म्हणून धुरा कुठून जातो ते आधी दाखवून ठेवायचं.

कुठे आणि कधी

हरभरा घाट्यावर आला की आमच्याकडे जागल सुरू होते. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, एका रात्रीत कास्तकाराचं वर्ष साफ करतात, त्यामुळे कोणी ना कोणी मचाणावर असतंच. तिथेच बैठक लावायची. कामाची वेळ कामात जाते, घरात कोणी 'रिकामटेकडे' म्हणत नाही, आणि आवाज असला की जनावरं जरा लांबून जातात. रोह्यांना 'ब्लॅक सेलिब्रेशन' हा अल्बम आवडत नाही असा कृषी केंद्रवाल्याचा दावा आहे. गणिताचे मास्तर पुरावा मागतात.

पण आवाजाचा कायदा पाळा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, हे माझ्या धंद्यामुळे मला पाठ आहे. मंडपातले टॉप-बेस वावरात न्यायचेच नाहीत. घरातले जुन्या डेकचे दोन लाकडी स्पीकर, गाडीतला अॅम्प्लिफायर आणि ट्रॅक्टरची बॅटरी, एवढ्यावर दहापर्यंतची बैठक निघते. थ्री फेज कधी येईल त्याच्या भरवशावर बसू नका. गाणी फोनमध्ये घरूनच उतरवून आणा, वावरात रेंज शोधत मचाणावर उभं राहणारा माणूस ऐकत काहीच नाही.

जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगे गोवऱ्यांच्या आरावर घालून ठेवले की भाजेपर्यंत वाईट गाण्यांचा निकाल लागतो. शेकोटी उभ्या तुरीपासून लांब.

स्पीकर लावताना

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक भांडणं गाण्याची नसतात, आवाजाच्या बटणाची असतात.

दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांतलं अंतर सारखं ठेवा. ही मधली जागा एकाच माणसाची. ज्याला बोलायचं आहे त्यानं आधी त्या जागेवर बसून गाणं पूर्ण ऐकायचं. बाजूला आडवं पडून ऐकलं की एकाच स्पीकरचा आवाज येतो, आणि या बँडच्या गाण्यात डावीकडे एक आणि उजवीकडे भलतंच चाललेलं असतं. बेस आणि ट्रेबलची बटणं मधोमध ठेवून द्या आणि त्यांना कोणी हात लावायचा नाही. मंडपात मी स्वतः बेस वाढवतो, लोक त्याचेच पैसे देतात. पण १९८३ चं 'पाइपलाइन' लावून बघा. ते पूर्ण गाणं लोखंड, पत्रे, पाईप असल्या वस्तू बडवून रेकॉर्ड केलेल्या आवाजांतून बांधलं आहे. लंडनच्या शोरडिच भागात फिरून त्यांनी ते आवाज गोळा केले आणि इम्युलेटर नावाच्या सॅम्पलरमधून, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज पट्ट्या दाबून वाजवायच्या यंत्रातून, वाजवले. बेस वाढवला की त्यातलं निम्मं बुडतं, आणि मग कोणी म्हणतं, "यात काईच नाही."

दुसरी गोष्ट, आवाजाची पातळी. मोठ्यानं वाजलेलं गाणं कानाला नेहमीच जास्त चांगलं वाटतं, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. १९८१ चा 'स्पीक अँड स्पेल' हळू वाजतो आणि २००५ चा 'प्लेइंग द एंजल' दाबून दाबून मोठा केलेला आहे. बटण न हलवता दोन्ही लावले की पुतणी न बोलता जिंकते. म्हणून प्रत्येक गाण्याला पातळी नव्यानं बसवायची. ढोलावर बसवू नका, गहानच्या गळ्यावर बसवा. त्याचा आवाज दोन्ही गाण्यांत तुमच्यापासून तितक्याच लांब वाटला पाहिजे.

तिसरी, आवृत्ती. या बँडनं एकेका गाण्याचे इतके प्रकार काढले की दोन माणसं एकाच नावाखाली वेगवेगळी गाणी घेऊन भांडतात. गाणं पुकारताना अल्बमचं की सिंगलचं, म्हणजे एकेका गाण्याच्या सुट्या रेकॉर्डचं, ते सांगायचं. '१०१' या मैफिलीच्या अल्बममधली आवृत्ती मी चालू देत नाही. १८ जून १९८८ ला कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये जमलेला सगळा जनसमुदाय 'एव्हरीथिंग काउंट्स'चं धृपद बँड थांबल्यावरही गात राहतो, ते ऐकून कोणाच्याही अंगावर काटा येईल. पण ती लाच झाली. गाण्याची बाजू गाण्यानंच मांडायची.

मतं आणि तुराट्या

प्रत्येकाला पाच दाणे तुरीचे आणि एक दाणा हरभऱ्याचा. तूर चांगल्यासाठी, हरभरा सगळ्यात वाईटासाठी. तूर वाटून टाका किंवा पाचही एकाच गाण्यावर ओता, तुमची मर्जी. हरभरा एकच, त्यामुळे जपून. आणि हरभरा आधी टाकायचा.

बोलायला एक तुराटी. शेकोटीत तुराटीचं टोक धरायचं, ती जळत हातापाशी येईस्तोवर बोला, पुढे चूप. ओली तुराटी निवडणाऱ्या मास्तरांना आम्ही ओळखून आहोत.

बोलताना 'मले नाही आवडत' हे चालत नाही. जागा दाखवा. कुठला आवाज, कुठल्या कडव्यात, काय जास्त झालं, काय कमी पडलं. 'कंटाळा येतो' हेही तेव्हाच चालेल जेव्हा कंटाळा कुठून सुरू होतो ते बोट ठेवून सांगता येईल. ज्यांना इंग्रजी जात नाही त्यांना गाण्याचा विषय आधी एका वाक्यात सांगायचा, त्याहून जास्त नाही. शब्दांचा कीस पाडत बसलं की गाणं राहून जातं.

वाईटाची पाळी

नवशिका हमखास 'व्हॉट्स युवर नेम?'वर हरभरा टाकतो. १९८१, पहिला अल्बम, क्लार्कचं लिखाण. गोड, उड्या मारणारं, आणि त्याच्या पलीकडे काहीच नाही. पकडायला सोपं आहे आणि तिथेच माझी हरकत आहे. विशीतल्या पोरांनी हाताशी असलेल्या सिंथेसायझरवर केलेलं ते गाणं काही मोठं असल्याचं सोंग आणत नाही. त्याला मारून कोणाचं काय साधतं? त्याच अल्बमवरच्या 'जस्ट कान्ट गेट इनफ'वर मात्र वाद घाला. मास्तर म्हणतात ते लहान पोरांचं गाणं आहे. दादा म्हणतो, ज्याला एवढी साधी चाल बांधता आली त्यालाच पुढे गायिका अॅलिसन मोयेसोबत याझू आणि नंतर इरेजर हे बँड उभे करता आले. मी दादाच्या बाजूनं, पण तूर देणार नाही.

माझा हरभरा ठरलेला आहे: 'इट्स कॉल्ड अ हार्ट', १९८५. या गाण्यात एकही सावली नाही. सगळं एकदम चकचकीत, प्रत्येक मोकळी जागा भरून काढलेली, आणि गहान अशा सुरात गातो की त्याला स्वतःला ते पटलेलं नसावं असं मला दर वेळी वाटतं. हे सिद्ध करायची सोपी युक्ती आहे. ते संपलं की लगेच त्याच सिंगलची मागची बाजू लावा, 'फ्लाय ऑन द विंडस्क्रीन'. वाइल्डरचं म्हणणं होतं की हेच पुढच्या बाजूला हवं. नाही ऐकलं कोणी. मग तेच गाणं पुढच्या वर्षी 'ब्लॅक सेलिब्रेशन'वर नव्यानं घेतलं गेलं. या दोन बाजू एकामागून एक ऐकल्या की नवख्या माणसालासुद्धा कळतं की एकाच बँडमध्ये, एकाच महिन्यात, दोन बँड राहत होते. सिंगल घेतलं तर दोन्ही बाजू वाजवायच्या, हा आमचा नियम इथूनच आला.

सगळ्यात मोठं भांडण 'पीपल आर पीपल'वर होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे. १९८४ चं गाणं, इंग्लंडात चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, अमेरिकेत तेराव्या, म्हणजे तिकडची दारं यानंच उघडली. आणि ज्यानं लिहिलं त्या गोरलाच ते आवडत नाही. १९८८ नंतर बँडनं ते मैफिलीत वाजवलेलं नाही. आता प्रश्न असा की लिहिणाऱ्याचं मत पुरावा धरायचं का? कृषी केंद्रवाला म्हणतो, "बियाणं कंपनीच म्हणते उगवत नाही, तं मंग आपण काहून पेरायचं?" मास्तर म्हणतात की गणित सोडवलं एकदा, की ते सोडवणाऱ्याचं राहत नाही. मी निकाल देतो तो असा: गोर जागलीला आलेला नाही, त्यामुळे त्याचा दाणा मोजायचा नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर त्यातला लोखंडाचा ठोका मला आजही जागेवर उभा करतो, आणि शब्द मात्र शाळेच्या भिंतीवर लिहायच्या लायकीचे आहेत. ठोक्यासाठी ऐका.

'मास्टर अँड सर्व्हंट'वर हरभरा कोणी टाकत नाही, पण ते याच पाळीत वाजवायचं, माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी. वाइल्डर, निर्माता डॅनियल मिलर आणि साउंड इंजिनिअर गॅरेथ जोन्स यांनी त्याचं मिक्सिंग इतकं लांबवलं की सगळं पक्कं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, शेवटाकडे बंद केलेला स्नेअर ड्रमचा चॅनेल परत उघडायचाच राहिला. रेकॉर्ड तशीच निघाली. मंडपात आमच्या पोरानं माइक म्यूट ठेवला आणि नवरदेवाच्या मामाचं भाषण तसंच गेलं, तेव्हा मी त्याला ओरडलो नाही, हे गाणं ऐकवलं. विषय काय आहे ते मात्र वडीलधारी बसली असतील तर सांगायच्या भानगडीत पडू नका.

पुतणीचा हरभरा गेला २००१ च्या 'एक्सायटर'मधल्या 'द डेड ऑफ नाइट'वर. आम्ही सगळे चाट पडलो. आम्हाला वाटलं होतं ती नव्याची बाजू घेणार. ती म्हणाली, "काका, हे लोक भीती दाखवायचं नाटक करतात इथं. 'स्ट्रिप्ड'मध्ये नाटक नाही, तिथं खरंच भीती वाटते." तिची तुराटी अजून हातभर शिल्लक होती, तिनं ती आगीत टाकून दिली. असं कोणी केलं की समजा बैठक लागली.

चांगल्याकडे वळताना

रोडगे आरातून काढले, राख झटकली, पोटात काहीतरी गेलं, की मग तूर. 'एन्जॉय द सायलेन्स'ला मतात धरायचंच नाही. देवाचा घास बाजूला काढतात तसा तो बाजूला. पण ते ऐकायचं, आणि ऐकायची एक पद्धत आहे, जी आमच्या पेटीमास्तरांशिवाय मला सुचली नसती.

गोरनं या गाण्याचा जो पहिला कच्चा नमुना केला तो संथ होता, आणि साथीला होतं हार्मोनियम. आपली पेटी, राजेहो. वेग वाढवावा आणि त्याला नाचतं करावं हे सुचवलं वाइल्डरनं. गोरला ते आधी रुचलं नव्हतं. शांततेवरच्या गाण्याला धावायला लावायचं, हे कसं? तरी करून बघितलं, निर्माता फ्लड होता, मग गोरला गिटारवर ती छोटी ओळ वाजवायला लावली जी आज जगात कोणीही गुणगुणतं. १९९० मध्ये गाणं निघालं, इंग्लंडात सहावं, अमेरिकेत आठवं, आणि पुढच्या वर्षी ब्रिट पुरस्कारात उत्कृष्ट ब्रिटिश सिंगल ठरलं.

तर रेकॉर्ड लावायच्या आधी पेटीवर ते संथ वाजवून घ्या. मी पेटीमास्तरांना नुसती चाल गुणगुणून दिली, त्यांनी खालचा षड्ज धरून भाता सावकाश ओढला आणि पहिल्या ओळीला म्हणाले, "हे तं आपल्या पहाटेच्या बैठकीतलं निघालं." दुसऱ्या ओळीला सूर अनपेक्षित जागी खाली गेला तसे थांबले, परत मागे जाऊन तीच जागा दोनदा काढून बघितली. मग रेकॉर्ड लावली. त्यांचं मत झालं की पेटीवरचं खरं आणि हे वरचं 'टकटक'. दादाचं उलटं. दादा म्हणतो, संथ ठेवलं असतं तर ते एक चांगलं उदास गाणं झालं असतं आणि कोणी ऐकलं नसतं. गाणं गोरचं की वाइल्डरचं, हा वाद त्या रात्री सुटत नाही. सोडवायचा प्रयत्नही करू नका. पण पेटी ऐकल्यावर तो वाद निदान कानांवर होतो, नावांवर होत नाही.

मग बाकीची. 'स्ट्रिप्ड', १९८६: सुरुवातीला जे घुरघुरतं ते मोटारसायकलचं इंजिन आहे, रेकॉर्ड करून वेग उतरवलेलं, आणि त्यात गहानच्या पोर्शे गाडीचं स्टार्टरही घेतलं आहे. नवख्या माणसाला हे आधी सांगू नका. आधी विचारा, काय वाटलं? आमच्याकडे आलेला एक जण म्हणाला, नदीवरचं ऑइल इंजिन रात्री लांबून ऐकू येतं तसं. त्याला बँड ठाऊक नव्हता, पण त्याच्या पाच दाण्यांतले तीन तिथेच गेले.

'एव्हरीथिंग काउंट्स', १९८३. विषय एका वाक्यात: करार करून हपापलेले हात सगळं ओढून नेतात. कडवी गहानची, धृपद गोरचं, आणि धृपदाला आवाज एकदम मऊ होतो, तिथे त्या गाण्याची सगळी चलाखी आहे. हे कापूस विकून आलेल्या माणसाला त्याच दिवशी ऐकवू नका. पाचही दाणे तिथेच ओतेल आणि मतदानाचा विचका होईल.

'पर्सनल जीझस', १९८९. तो धबधब ठोका सामान वाहायच्या मोठ्या पेट्यांवर माणसांनी उड्या मारून रेकॉर्ड केलेला आहे. आमच्या टेम्पोत तशा पेट्या आहेत, पोरांनी करून बघितलं, एका पेटीचं कडीकोयंडं गेलं. अमेरिकन गायक जॉनी कॅशनं २००२ मध्ये हेच गाणं गिटारवर गायलं, ते ऐकून काही जण म्हणतात की मूळ फिकं पडलं. त्यांना उत्तर देताना मशीनची बाजू घेऊ नका, त्या उड्यांची घ्या. मूळ गाण्यातही माणसाचं वजन आहेच.

'नेव्हर लेट मी डाउन अगेन', १९८७, माझ्या तीन तुरी. कारण शेवट. गाणं संपायला येतं आणि संपत नाही, वर चढत जातं. मैफिलीत गहान इथे दोन्ही हात वर करून डोलवतो आणि अख्खं मैदान त्याच्याबरोबर डोलतं. वाइल्डर असतानाची बाजू मांडायची झाली तर एवढं एक पुरे. १९९३ चं 'वॉकिंग इन माय शूज' मास्तरांचं. १९९७ चं 'होम' दादाचं, गोरच्या आवाजातलं, आणि त्यावर तो काही बोलतही नाही, नुसते दाणे ठेवतो. बाहेर नोकरी करणाऱ्याला त्याबद्दल टोकायचं नाही.

या टप्प्यावर कोणीतरी 'फ्लेचर करायचा तरी काय?' हा जुना विनोद काढतो. काढू द्या. बँडवरच्या माहितीपटात कोण काय करतो ते सांगताना त्यानं स्वतःच हसत कबूल केलं होतं की आपण नुसते इकडेतिकडे असतो. विनोद झाला की पुतणीला 'घोस्ट्स अगेन' लावू द्या. 'मेमेंटो मोरी' हा अल्बम २०२३ मध्ये आला, पण नाव आणि बरीचशी गाणी फ्लेचर जायच्या आधीची. हे ठाऊक असूनही ते गाणं त्याच्याचसाठी आहे असं ऐकताना वाटत राहतं. पुतणी म्हणाली, "तुमचं सगळं १९९० ला येऊन थांबते." त्यावर कोणाकडे तुराटी उरलेली नव्हती. मी ते गाणं दुसऱ्यांदा लावलं आणि एक दाणा 'नेव्हर लेट मी डाउन अगेन'वरून उचलून तिकडे सरकवला. दाणा सरकवणं नियमात बसतं, मोजणी सुरू होईपर्यंत.

मोजणी

गाण्यांची नावं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहा, प्रत्येक नावाला चौकोन, त्यावर दाणे. वारा असेल तर कागदाच्या कडेला ढेकळं ठेवा. सांडलेला दाणा बाद, कोणाचा होता यावर वाद नको. मोजणी नवख्या माणसानं करायची, त्याला कोणाचं देणंघेणं नसतं. दोन गाणी बरोबरीत आली तर दोन्ही परत लावा, पण बटण मी बसवणार.

निकाल कुठेही लिहून ठेवू नका. लिहिला की पुढच्या हंगामात लोक तोच पाठ करून येतात.

ज्या गाण्यावर सगळ्यात जास्त हरभरे पडले, त्याची बाजू घेऊन जो बोलला होता त्यानं वांग्याच्या भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, घासायचा. 'पीपल आर पीपल'साठी मास्तरांनी दोनदा घासला आहे, राख आणि काथ्यानं, आणि घासताना ते तेच गाणं गुणगुणतात, बेसूर.